आजीची कॅसेट आणि मुका टेप: वीज कुठं अडली, ते कसं शोधायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेलं पाल्हाळ काढलं आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग तुमच्याच व्हॉइस नोट्समुळे करतोय. जुन्या कॅसेटवर बोललो होतो, त्यानंतर बऱ्याच जणांनी जवळपास एकच गोष्ट कळवली. घरातला माळा साफ करताना कॅसेट सापडली. त्यावर आजीचा, आजोबांचा, कुणाच्या वडिलांचा आवाज आहे. टेपही सापडला. सेल टाकले, प्ले दाबलं, आणि काहीच नाही. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "मोटर गेली, पार्ट मिळत नाही, ठेवून द्या तसाच."

तर आज एवढंच बोलायचंय: टेप मुका झाला म्हणजे मोटर गेली, असं लगेच धरायचं नाही. आधी बघायचं की मोटरपर्यंत वीज पोहोचतेय का. ती कुठं अडली ते शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, थोडा धीर आणि एका वेळी एकच पाऊल टाकायची सवय, एवढं पुरतं.

एवढा आटापिटा कशासाठी?

कारण गाण्याची विकत आणलेली कॅसेट हरवली तर ते गाणं यूट्यूबवर मिळेल. घरी भरलेल्या कॅसेटची मात्र एकच प्रत असते, ती म्हणजे तुमच्या हातातली.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिली कॉम्पॅक्ट कॅसेट आणि ती वाजवणारा ईएल ३३०० हा छोटा रेकॉर्डर दाखवला. खांद्याला अडकवून न्यावा आणि सेलवर चालावा, असा. पुढे आपल्याकडे अशी मशीन घरोघर आली. कुणी दुबई-सौदीहून येताना टू-इन-वन आणला, कुणी गुलमंडीतून घेतला. लग्नातल्या ओव्या, कीर्तनं, नामांतराच्या लढ्यातल्या सभांची भाषणं, भीमगीतांचे कार्यक्रम, बाळाचं पहिलं बोलणं, सगळं या डब्यांत भरलं गेलं.

अशा आवाजाची किंमत काय असते, त्याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या हजारो ओव्या टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. गाणाऱ्या कितीतरी बाया आता नाहीत, आवाज आहे. तुमच्या माळ्यावरची कॅसेट त्याच जातीची असू शकते.

सगळ्यात आधी: ती कॅसेट टेपमध्ये घालायची नाही

हा नियम पक्का लक्षात ठेवा. वीज कमी पडत असली की टेपमध्ये फीत ओढणारं चाक ढिलं पडतं. पण फीत पुढं ढकलणारा रुळ फिरतच राहतो. ढकललेली फीत गुंडाळली जात नाही, ती रुळाभोवती गुंतते. यालाच आपण "टेपने कॅसेट खाल्ली" म्हणतो. म्हणून तपासणीसाठी कुठलीतरी फालतू कॅसेट घ्या. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, नाहीतर कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळून जाईल.

आणि आजीच्या कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतील, ते आत्ताच मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जाणार नाही आणि आवाज पुसला जाणार नाही.

विजेचे तीन रस्ते

पोर्टेबल टेपला वीज साधारण तीन रस्त्यांनी मिळते. एक, सेल. दोन, बाजूच्या गोल भोकात जाणारी अडॅप्टरची पिन. तीन, भिंतीच्या बोर्डातून येणारी दोन पिनांची वायर, जी आतल्या ट्रान्सफॉर्मरला जाते. सगळ्या टेपमध्ये तिन्ही नसतात, पण टू-इन-वनमध्ये बहुतेक वेळा असतात.

पुढं हे तिन्ही रस्ते एका ठिकाणी मिळतात आणि तिथून एकच वाट मोटरला आणि आवाजाच्या सर्किटला जाते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: कुठल्या रस्त्यावर चालतो आणि कुठल्या रस्त्यावर नाही? सेलवर चालतो पण लाइटवर नाही, तर मोटर शाबूत आहे आणि दोष लाइटच्या रस्त्यात आहे. कशावरच चालत नाही, तर दोष बहुधा मिळाल्यानंतरच्या वाटेत, नाहीतर जिथं ते मिळतात त्या नाक्यावर आहे. या एका प्रश्नात अर्धं काम होतं बघा.

टेपला किती व्होल्ट लागतात ते मागं लिहिलेलं असतं. पुसलं असेल तर सेलचे खण मोजा आणि दीडने गुणा. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, सहा म्हणजे ९. त्या पहिल्या ईएल ३३०० ला पाच सेल लागायचे, म्हणजे साडेसात.

पहिलं पाऊल: सेलचा खण

आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत लाइट गेली तरी गाणी चालावीत म्हणून टेपमध्ये सेल घालून ठेवायची पद्धत होती. नंतर सीडी आली, मोबाइल आला, टेप माळ्यावर गेला आणि सेल आतच राहिले. ते फुटतात, पाझरतात. स्प्रिंगवर पांढरी पूड, हिरवट थर, गंज दिसतो. हे सगळं विजेच्या वाटेतले दगड आहेत.

साध्या सेलची ही घाण थोडी आम्लधर्मी असते, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोळा बुडवून पुसायची. अल्कलाइन सेल पाझरले असतील तर उलट, व्हिनेगरचा किंवा लिंबाचा अगदी थोडा बोळा फिरवायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग चमकेपर्यंत घासा. स्प्रिंगच्या मागची वायरही बघा. पाझरलेलं रसायन कधी कधी वायरच्या आवरणाखालून आतपर्यंत चढतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते, आत तांबं काळं पडलेलं असतं.

नवे सेल टाका. चारही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. चार्जिंगचे सेल तपासणीला नकोत, कारण ते दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात. चार मिळून ४.८ होतात, आणि मग टेप हळू चालला तर दोष सेलचा की टेपचा, हेच कळत नाही.

दुसरं पाऊल: प्ले दाबून मोजा

आजच्या भागातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून इथं जरा थांबू.

हडकोतल्या एका ताईंचा टू-इन-वन माझ्याकडे आला होता. वडिलांनी ऐंशीच्या दशकात आखाती देशातून आणलेला. कॅसेटवर लग्नात घाणा भरताना म्हटलेल्या आजीच्या ओव्या. दुकानदाराने मीटर लावून सांगितलं होतं, "वीज तर बरोबर येतेय, म्हणजे मोटरच गेली."

मी पण मीटर लावला. सेलच्या दोन टोकांवर ६.३ व्होल्ट. आतल्या प्लेटवर, जिथं वीज पोहोचायला हवी तिथं, ६.३ व्होल्ट. एकदम ठीक. मग मीटर तसाच धरून प्ले दाबलं. प्लेटवरचा आकडा धाडकन ३.४ वर आला. सेलवर मात्र अजून ५.९ होते.

आता हिशोब करा. सेलमधून ५.९ निघाले, प्लेटवर ३.४ पोहोचले. मधले अडीच व्होल्ट गेले कुठं? वाटेतल्या कुठल्यातरी खराब जोडणीने खाल्ले. प्ले दाबण्याआधी हे दिसलं नाही, कारण तेव्हा वीज वाहतच नव्हती. नळाचंच उदाहरण घ्या. पाइपात कचरा अडकलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो. तोटी सोडली की कळतं, धार किती बारीक आहे ते.

गणितही सोपं आहे. जोडणीचा विरोध गुणिले वाहणारी वीज म्हणजे वाया गेलेले व्होल्ट. चांगल्या जोडणीचा विरोध नगण्य असतो. पण गंजून तो ५ ओहम झाला आणि टेप २०० मिलिअँपिअर ओढत असला, तर ५ गुणिले ०.२ म्हणजे एक आख्खा व्होल्ट तिथंच संपला. सहापैकी एक.

मग चोर कसा पकडायचा? मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. प्ले दाबलेलं असू द्या. मीटरच्या दोन्ही काड्या त्याच जोडणीच्या अलीकडे आणि पलीकडे टेकवा. जोडणी चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. जिथं व्होल्ट दिसले, तिथं चोर. त्या टू-इन-वनमध्ये स्प्रिंगवर शून्य, वायरवर शून्य, आणि लाइटची वायर जिथं खोचतात त्या सॉकेटवर अडीच व्होल्ट. सापडला!

तिसरं पाऊल: नाक्यावरचा खटका

तुम्ही म्हणाल, टेप सेलवर चालतोय, मग लाइटच्या सॉकेटचा संबंध काय? इथंच बरेच जण फसतात.

पुष्कळ टेपमध्ये लाइटची वायर खोचली की आतली एक पत्ती ढकलली जाते आणि सेल आपोआप तुटतात. अडॅप्टरच्या गोल भोकातही तसंच. वायर काढली की पत्ती परत मागं येऊन सेल जोडते. म्हणजे सेलची वीज या पत्तीतूनच जाते! वर्षानुवर्षं टेप लाइटवरच चालवला, पत्ती उचललेलीच राहिली, तिच्यावर काळा थर चढला. मग सेल कितीही नवे घाला, उपयोग नाही.

उपाय आधी सोपा करून बघा. लाइटची वायर बोर्डात न लावता फक्त टेपच्या सॉकेटमध्ये दहा-पंधरा वेळा खोचा आणि काढा. अडॅप्टरची पिनही तशीच. कधी कधी एवढ्यानेच टेप बोलायला लागतो. नाही झालं तर टेप उघडा, पण उघडायच्या आधी सेल काढा, वायर काढा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. पत्तीच्या मधे कॉन्टॅक्ट क्लीनरने भिजवलेली जाड कागदाची पट्टी घालून हलकेच ओढा. पॉलिश पेपर इथं नको, पत्तीवरचा पातळ मुलामा निघून जातो. आणि दाराच्या बिजागरीला मारतो तो गंजाचा साधा स्प्रेही नको, त्याचा तेलकट थर मागं राहतो.

ताईंच्या टेपला एवढंच केलं. प्ले दाबल्यावर प्लेटवर ५.७ व्होल्ट. मोटर फिरली. तिला काही झालंच नव्हतं.

अशीच एक पत्ती प्लेच्या बटणाखाली असते. बटण दाबलं की ती जुळते आणि मोटरला वीज मिळते. आवाजाच्या सर्किटला वीज आहे, स्पीकरमधून बारीक सुस्कारा येतोय, पण चाकं हलत नाहीत, तर आधी ती पत्ती बघायची.

चौथं पाऊल: अडॅप्टर, आणि राउटरचा मोह

आता हे नीट ऐका, कारण चालू टेप मारायचा सगळ्यात जलद मार्ग हाच आहे. घरात वायफाय राउटरचा जुना अडॅप्टर पडलेला असतो. पिन बसते. लोक लावून बघतात. तो सहसा १२ व्होल्टचा असतो आणि टेप ६ चा. शिवाय दुसरी भानगड: आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये पिनच्या मधोमध प्लस असतो, तर जुन्या कितीतरी जपानी टेपमध्ये मधोमध मायनस. उलटी वीज गेली की आतला आयसी आणि कंडेन्सर जातात.

भोकाच्या शेजारी एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धं वर्तुळ, एका बाजूला प्लस आणि दुसऱ्या बाजूला मायनस. ठिपका ज्या चिन्हाला जोडलाय ते मधलं टोक. अडॅप्टरवरचं चित्र अगदी तसंच हवं. चित्र दिसत नसेल तर अंदाज लावू नका, सेलवर चालवा.

जुन्या वजनदार अडॅप्टरचीही एक खोड आहे. वर ६ लिहिलेलं असतं आणि मोकळा मोजला तर ८-९ व्होल्ट दाखवतो. टेप वीज ओढायला लागला की तो खाली येतो. त्यात ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच असतात, व्होल्ट बांधून ठेवणारं काही नसतं. पण टेप चालू असतानाही खूप जास्त दाखवत असेल, तर वापरू नका.

पाचवं पाऊल: लाइटचा रस्ता, आणि इथं एक लक्ष्मणरेषा

मंडळी, २३० व्होल्ट चुकीला माफी देत नाही. झाकण उघडं ठेवून टेप बोर्डाला लावायचा नाही. वायर काढलेली असतानाही बरंच काही कळतं, तेवढंच करायचं.

आखाती देशांतून आणलेला टेप असेल तर मागे किंवा खाली ११० आणि २२० चा खटका असतो. तो २२० वर आहे का, हे पहिलं बघा. मग वायरच्या दोन टोकांमधली सलगता मीटरने तपासा. ही वायर बहुतेक वेळा पिनजवळच तुटते. वायर ठीक असेल तर ती टेपला लावा, बोर्डाला नाही, आणि प्लगच्या दोन पिनांमधला विरोध मोजा. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा साधारण काही शे ओहम किंवा जास्त येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतला फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मरचा गुंडाळा तुटलाय. काही टेपमध्ये पॉवरचा खटका याच वाटेवर असतो, म्हणून तो चालू करून मोजा.

यापुढचं काम मेकॅनिककडे. त्यांना एवढं सांगा, "आधी सिरीज बोर्डावर लावून बघा." म्हणजे लाइटच्या वाटेत एक पिवळा बल्ब जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि टेप वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब बंद किंवा मिणमिणता राहतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

घूंऽऽ असा आवाज येतो तेव्हा

सेलवर आवाज स्वच्छ, पण लाइटवर मागे सतत घूंऽऽ. हा कंडेन्सरचा दोष धरा. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. चार डायोड ते हेलकावे एका दिशेला वळवतात, तिथं त्यांचे १०० ठोके होतात. मोठा कंडेन्सर पाण्याच्या टाकीसारखा त्या ठोक्यांमधले खड्डे भरतो. बहुधा १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा असतो. वय झालं की त्यातलं द्रावण वाळतं, टाकी आटते आणि ठोके ऐकू यायला लागतात.

उष्णतेने हे लवकर होतं. ढोबळ हिशोब असा की दर १० अंश वाढले की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं. आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि टेप पत्र्याखालच्या माळ्यावर. बिचारा किती टिकणार? नवा कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त, मायनसची पट्टी बरोबर बाजूला, एवढं बघून डाख द्यायचा.

थोडक्यात, कशावरून काय ओळखायचं

- काहीच हालचाल नाही, सुस्काराही नाही: सेलचा खण, वायर, नाक्यावरची पत्ती.
- आवाज मोठा केला की गाणं रेकतं: सेल कमजोर किंवा वाटेत खराब जोडणी. प्ले दाबून मोजा.
- लाइटवर चालतो, सेलवर नाही: सॉकेटमधली पत्ती.
- सेलवर चालतो, लाइटवर नाही: वायर, ११०-२२० चा खटका, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, डायोड.
- फक्त लाइटवर घूंऽऽ: मोठा कंडेन्सर.
- मोटर फिरल्याचा आवाज येतो, चाकं हलत नाहीत: वीज ठीक आहे. रबरी पट्टा वितळलाय किंवा ढिला झालाय, तो बदला.

शेवटचं लक्षात ठेवा. पट्टा गेलेला टेप पुष्कळदा "मोटर गेली" म्हणून भंगारात जातो.

चालू झाला, आता?

फालतू कॅसेटच्या दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. वेग एकसारखा आहे, फीत गुंतत नाही, ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देत नाही, हे बघा. नवे सेल टाका. मगच आजीची कॅसेट घाला. आणि पहिल्यांदा वाजवतानाच ती भरून घ्या. इअरफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला किंवा यूएसबी साउंड कार्डला लावा, टेपचा आवाज निम्म्याच्या खाली ठेवा. वायर नसेल तर शांत खोलीत मोबाइल स्पीकरसमोर ठेवून भरलं तरी चालेल. आधी आवाज वाचू दे, क्वालिटीचं नंतर बघू. फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि नावात कोण, कुठं, कधी ते लिहा.

तुमचा टेप अडला असेल तर व्होल्टचे आकडे घेऊन व्हॉइस नोट पाठवा. सेलवर किती आणि प्लेटवर किती, दोन्ही प्ले दाबून मोजलेले. "चालत नाही" एवढंच सांगितलं तर मीही अंदाजच लावणार. आकडे असले की आपण मिळून शोधू. पुढच्या भागात रबरी पट्टा कसा मोजायचा आणि कुठं मिळतो, ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या. राम राम, जय भीम, खुदा हाफिज!